मित्रमैत्रिणींना मुले सांभाळायला सांगताना कोणते शिष्टाचार पाळावेत?

कवडसा:

नमस्कार. आम्हाला दोन मुले आहेत. थोरली साडेचार वर्षांची आणि धाकटा चौदा महिन्यांचा. आम्ही दोघेही नोकरी करतो, दोन्हीकडचे आजी-आजोबा दूर राहतात, आणि पाळणाघराची वेळ संपल्यानंतर किंवा सुट्टीच्या दिवशी मुलांना कोणाजवळ ठेवायचे हा प्रश्न अधूनमधून उभा राहतो. कधी डॉक्टरांची वेळ घेतलेली असते, कधी कार्यालयाचे काम लांबते, आणि खरे सांगायचे तर कधी आम्हा दोघांनाच दोन तास शांतपणे एकत्र बाहेर जावेसे वाटते.

जवळच्या दोन मैत्रिणींनी "कधीही सांग, मी आहे" असे मनापासून म्हटलेले आहे. एकीला थोरलीच्या वयाचा मुलगा आहे, तर दुसरीला मुले नाहीत. तरीही विचारायची वेळ आली की माझा धीर होत नाही. आपल्या मुलांची जबाबदारी आपण दुसऱ्याच्या गळ्यात घालत आहोत, ती भिडेखातर हो म्हणेल आणि मनातून वैतागेल, असे वाटत राहते. म्हणून अनुभवी मंडळींना विचारते. कसे विचारावे? किती वेळा विचारणे योग्य? पैसे देऊ करावेत का? केवळ विरंगुळ्यासाठी बाहेर जायचे असेल, तर मैत्रिणीकडे मुले सोपवणे बरोबर आहे का? आणि मुलांच्या बाबतीत तिला काय काय सांगून ठेवावे?

पारंबी:

तुमचा संकोच मला पूर्ण समजतो, परंतु तुम्ही ज्या गोष्टीला घाबरत आहात तिच्या दोन बाजू वेगवेगळ्या करून पाहाव्यात असे मला वाटते. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक या संशोधकांनी २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात सहभागी व्यक्तींना अनोळखी लोकांकडे छोटी छोटी मदत मागायची होती, आणि किती जणांना विचारल्यावर हवे तेवढे होकार मिळतील याचा अंदाज आधीच सांगायचा होता. प्रत्यक्षात त्यांना अंदाजाच्या जवळपास निम्म्याच लोकांना विचारावे लागले. मागणारा मनुष्य समोरच्याला किती त्रास पडेल याचा हिशेब करत बसतो. समोरच्याला मात्र त्या त्रासापेक्षा तोंडावर नाही म्हणणेच अधिक अवघड जाते.

म्हणजे तुमची मैत्रीण नाही म्हणेल ही भीती बहुधा अनाठायी आहे, पण ती भिडेखातर हो म्हणेल ही तुमची शंका अगदी योग्य जागी आहे. त्यामुळे माझ्या मते या साऱ्या शिष्टाचाराचे मूळ एकच आहे: तिला नकार देणे सोपे जाईल अशा रीतीने विचारावे.

"शनिवारी संध्याकाळी काय करते आहेस?" या प्रश्नाने कधीही सुरुवात करू नये. ती निरागसपणे "काही नाही, घरीच आहे" म्हणते, आणि पुढच्या वाक्यात आपण मुलांचे विचारले की तिच्याकडे सभ्य सबब उरत नाही. तिच्याकडे वेळ आहे म्हणजे तो आपल्यासाठी मोकळा आहे, असे होत नाही. त्याचप्रमाणे मुलांच्या देखत विचारू नये, कारण "मावशीकडे जायचं!" म्हणून थोरलीने टाळ्या पिटल्यावर नाही म्हणणारी मावशी विरळाच. दहा जणांच्या गटात संदेश टाकून "कोणाला जमेल?" असे विचारणेही टाळावे. त्यात कोण गप्प राहिले हे सर्वांना दिसते, आणि ज्याला सर्वांत कमी जमण्यासारखे आहे तोच कधीकधी लाजेपोटी पुढे येतो.

फोनपेक्षा लेखी संदेश बरा, कारण उत्तर देण्याआधी तिला घरच्यांशी बोलता येते, दिनदर्शिका पाहता येते. संदेशात सर्व काही एकदाच स्पष्ट लिहावे. उदाहरणार्थ: "येत्या शनिवारी संध्याकाळी पाच ते आठ या वेळात दोन्ही मुलांना सांभाळशील का? आम्हा दोघांना बाहेर जायचे आहे. आमच्या घरी येणे सोयीचे की तुझ्याकडे सोडू, ते तू ठरव. कारण तातडीचे नाही, त्यामुळे नाही जमले तर आम्ही पुढच्या आठवड्यात जाऊ. बुधवारपर्यंत कळवलेस तरी चालेल." यात तारीख आहे, सुरुवात आणि शेवट आहे, दोन मुले आहेत हे सांगितले आहे, आणि मुख्य म्हणजे तिने नाही म्हटल्यास तुमचे काही अडणार नाही हेही तिला कळते. अर्थात, हे शेवटचे खरे असेल तरच लिहावे. खरोखर अडलेले असेल तर तेही सरळ सांगावे. अडचणीच्या वेळी हातचे राखून लिहिलेल्या संदेशाने समोरच्याचा गोंधळच होतो.

तुमच्या शेवटून दुसऱ्या प्रश्नाबद्दल माझे मत ठाम आहे. विरंगुळ्यासाठी मुले सोपवण्यात काहीही गैर नाही. लहान मुलांच्या आईवडिलांना एकमेकांशी सलग दोन वाक्ये बोलायला मिळणे ही चैन नव्हे. पण कारण खरे सांगावे. डॉक्टरांकडे जायचे म्हणून मुले सोडली आणि नंतर तिला समाजमाध्यमावर तुमचे सहलीचे छायाचित्र दिसले, तर तिला दुखावणारी गोष्ट सहल नसते.

"कधीही सांग" हे आश्वासन मनापासूनचे असते, पण त्याला कड नसते. ते तिच्याकडूनच स्पष्ट करून घ्यावे: कोणते वार तिला अजिबात चालत नाहीत, किती आधी कळवलेले बरे, एका वेळी दोन्ही मुले चालतील की एकच. हे एकदा निवांतपणे बोलून ठेवले की पुढच्या प्रत्येक वेळी शब्दांची जुळवाजुळव करावी लागत नाही.

सांजपाखरू:

मला स्वतःला मुले नाहीत आणि मी मैत्रिणींची मुले आवडीने सांभाळते, म्हणून तुमच्या दुसऱ्या मैत्रिणीच्या बाजूने थोडे विस्ताराने लिहिते.

आम्हाला काय माहीत नसते, हे आईवडिलांच्या लक्षातच येत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने त्या गोष्टी श्वासाइतक्या सवयीच्या झालेल्या असतात. "तो अगदी शहाणा आहे, काही त्रास देत नाही" हे वाक्य निरोप घेताना सर्वजण म्हणतात आणि त्याचा काडीचा उपयोग नसतो. उलट "झोपेला आला की तो आधी कान ओढतो, मग डोळे चोळतो, आणि डोळे चोळायला लागल्यावर दहा मिनिटांत त्याला झोपवले नाही तर पुढचा तासभर तो रडतो" असे कोणी सांगितले तर ती संध्याकाळ तरून जाते. थोरल्या मुलीला शू लागली की ती सांगते की नुसती पाय जुळवून उभी राहते? अंधारात दिवा लागतो का? कोणत्या खेळण्यावरून दोघांचे हमखास भांडण होते? कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानाला ती घाबरते? हे सारे एका कागदावर लिहून स्वयंपाकघरात डोळ्यांसमोर चिकटवून ठेवावे. बोलून सांगितलेले दार बंद होताच विसरायला होते.

चौदा महिन्यांच्या मुलाच्या बाबतीत तर सुरक्षिततेचे सर्व काही सांगितलेच पाहिजे, समोरची व्यक्ती कितीही हुशार असो. ज्या घरात लहान मूल राहत नाही त्या घरात औषधे उशाशी असतात, नाणी आणि बटणाच्या आकाराच्या बॅटऱ्या खणात पडलेल्या असतात, न्हाणीघरात पाण्याने भरलेली बादली असते. त्या चपट्या बॅटरीने अन्ननलिकेत अडकून दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते, आणि या वयाचे मूल इंच-दोन इंच पाण्यातही बुडू शकते. ही माहिती तुम्हाला आहे. मला ती कोणीतरी सांगेपर्यंत नव्हती. त्यामुळे मुले मैत्रिणीच्या घरी सोडणार असाल तर अर्धा तास आधी जाऊन, तिच्या परवानगीने, गुडघ्यावर बसून मुलाच्या उंचीवरून तिचे घर एकदा पाहावे. हा तिचा अपमान नाही. मला तर हायसे वाटते. घास अडकण्याची भीती कोणत्या पदार्थांत असते हेही सांगावे, म्हणजे दाणे, अख्खी द्राक्षे किंवा कडक गोळ्या कौतुकाने त्याच्या हातात दिल्या जाणार नाहीत.

निरोपाविषयीही सांगते. साधारण आठव्या महिन्यापासून मुलांना आईवडील दृष्टीआड होण्याची भीती वाटू लागते, आणि तुमच्या धाकट्याच्या वयात ती बहुधा ऐन भरात असते. अशा वेळी मूल खेळात रमले की हळूच सटकायचे, हा उपाय पुष्कळ पालक करतात. माझी कळकळीची विनंती आहे की तसे करू नये. तुम्ही गेलेले त्याला पाच मिनिटांनी कळते, आणि तोवर ज्या मावशीवर त्याचा विश्वास बसत होता तिच्याच हातात तो फसवला गेल्याच्या भावनेने हंबरडा फोडतो. थोडक्यात, हसत, "आई जाऊन येते" असे सांगून निघावे आणि निघाल्यावर पुन्हा मागे फिरू नये. रडणे होईल, ते बहुतेक वेळा लवकर शमते. त्याआधी एक-दोनदा तुम्ही स्वतः सोबत असताना मैत्रिणीला मुलांबरोबर वेळ घालवू द्यावा, आणि पहिली खेप तासाभराचीच ठेवावी.

आणखी एक. मुले सांभाळायला बोलावलेल्या माणसावर इतर कामे लादू नयेत. "जमलं तर तेवढे कपडे घडी करून ठेव", "थोरलीचा अभ्यास घे" असे जाता जाता म्हटलेले बोचते. तुमचे नियम मात्र संकोच न बाळगता सांगावेत, आणि दोनच सांगावेत: जे मोडलेले तुम्हाला अजिबात चालणार नाहीत असे. माझ्या एका मैत्रिणीचे दोन नियम आहेत. मुलांवर हात उगारायचा नाही आणि मुलांची छायाचित्रे कुठेही टाकायची नाहीत. बाकी टीव्ही किंवा मोबाइल अर्धा तास जास्त पाहिला, जेवण निम्मेच झाले, झोपायला उशीर झाला, याबद्दल घरी परतल्यावर चेहऱ्यावर आठी आणू नये. आपल्या शिस्तीचा काटेकोर हिशेब फुकट मदत करणाऱ्याकडून मागता येत नाही.

मनमोकळी:

पैशांबद्दल आणि परतफेडीबद्दल मी लिहिते, कारण मैत्री बहुधा तिथे खरचटते.

उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी इस्रायलमधील हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांचा केलेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला पालक उशिरा येत म्हणून त्यांपैकी सहा ठिकाणी उशिराबद्दल छोटा दंड सुरू करण्यात आला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला, जवळपास दुप्पट झाला, आणि दंड रद्द केल्यावरही पूर्वीच्या पातळीवर आला नाही. शिक्षिकेला ताटकळत ठेवतो याची जी बोच होती, तिची जागा दंडाने घेतली. पैसे मोजले की मोकळे, असे पालकांना वाटू लागले.

मैत्रिणीला तासाचे पैसे देऊ केले की नेमके हेच होण्याचा धोका असतो. आपल्याला वाटते, फेड झाली. तिला वाटते, मी प्रेमाने केलेल्या कामाची मजुरी ठरली, आणि तीही कमी. म्हणून अधूनमधूनच्या मदतीसाठी मी पैसे देऊ करत नाही. मात्र तिला एका पैशाचीही पदरमोड पडू देत नाही: मुलांचे खाणे, डायपर, कपड्यांचा जादा जोड, येण्याजाण्याचा खर्च, सगळे आपले. आणि वेळ पाळते. आठ म्हटले की पावणेआठला दारात. उशीर होणारच असेल तर वेळ उलटून गेल्यावर नव्हे, कळताक्षणी फोन.

दर आठवड्याला ठरावीक वेळी गरज असेल तर ती मदत राहत नाही, काम होते. अशा वेळी मैत्रिणीशी मोबदल्याबद्दल उघड बोलावे किंवा सरळ पगारी व्यक्ती शोधावी. महिन्यातून एकदा आणि आठवड्यातून एकदा यांत मैत्रीच्या दृष्टीने फार मोठे अंतर आहे.

परतफेड पैशांत नसली तरी ती झालीच पाहिजे. ज्या मैत्रिणीला मुलगा आहे तिच्याशी आलटून-पालटून सांभाळण्याचा व्यवहार सरळ होतो, आणि तिने विचारण्याची वाट न पाहता आपणच "या रविवारी त्याला माझ्याकडे पाठव" म्हणावे. हा हिशेब फार काटेकोर झाला तरी बिघडतो. वॉशिंग्टनमध्ये १९७० च्या दशकात सुमारे दीडशे जोडप्यांनी मिळून एकमेकांची मुले सांभाळण्याचा संघ चालवला होता. अर्ध्या तासाला एक कुपन, असा त्यांचा व्यवहार होता. पुढे कधीतरी लागतील म्हणून प्रत्येकजण कुपने साठवू लागला, बाहेर जाईना, आणि कोणीच बाहेर जात नसल्यामुळे कोणालाच कुपने कमावण्याची संधी मिळेना. शेवटी जास्त कुपने वाटल्यावर गाडी रुळावर आली. संघाचे सदस्य असलेल्या जोन आणि रिचर्ड स्वीनी यांनी १९७७ साली त्यावर लेख लिहिला, आणि मंदी समजावण्यासाठी अर्थतज्ज्ञ आजही तो दाखला देतात. मला त्यातून घरगुती बोध असा मिळाला की आपण आपली मुले कधी दुसऱ्याकडे सोपवली नाहीत, तर समोरच्यालाही विचारायचा धीर होत नाही. तुम्ही विचारलेत, तर तिलाही विचारता येईल.

मुले नसलेल्या मैत्रिणीची परतफेड तिच्या गरजेप्रमाणे व्हावी. ती गावाला गेली असता तिच्या झाडांना पाणी घालणे, तिच्या आईला दवाखान्यात सोबत नेणे, सामान हलवताना दिवसभर हजर राहणे. आणि कधीतरी मुलांशिवाय तिला भेटणे. ज्या मैत्रिणीची आठवण फक्त अडचणीत येते ती हळूहळू फोन उचलणे बंद करते.

कवडसा:

तुम्हा सर्वांची मनापासून आभारी आहे. संदेशाचा नमुना मी उतरवून घेतला आहे. दोन शंका उरल्या आहेत. मूल थोडे आजारी असेल, नुसती सर्दी किंवा अंगात कणकण असेल, तर ठरलेले रद्द करावे का? आणि मुलगा असलेल्या मैत्रिणीने या आधी दोन वेळा काहीतरी अडचण सांगून नकार दिला होता. तिला पुन्हा विचारावे का?

ओलावा:

मी परिचारिका आहे, म्हणून पहिल्या शंकेबद्दल लिहिते. साधी वाहती सर्दी असेल तर रद्द करायलाच हवे असे नाही, पण आधी सांगितलेच पाहिजे आणि निर्णय मैत्रिणीवर सोडला पाहिजे. तिच्या घरात वृद्ध माणूस असेल, ती गरोदर असेल, किंवा पुढच्याच दिवशी तिचे महत्त्वाचे काम असेल; हे तिने तुम्हाला सांगितलेले असेलच असे नाही. ताप असेल तर ठरलेले पुढे ढकलावे. उलट्या किंवा जुलाब झाले असतील तर ते पूर्ण थांबल्यावर ४८ तास तरी मूल दुसऱ्याकडे सोपवू नये. तापाचे औषध पाजून, ताप उतरलेला दिसत असताना, काही न सांगता मूल सोडून जाणे हा मात्र सरळ विश्वासघात आहे. तीन-चार तासांनी औषधाचा परिणाम ओसरतो आणि मूल तिच्या मांडीवर तापाने फणफणते.

औषधाची गरज पडण्यासारखी असेल तर "ताप आला तर थोडे सिरप दे" असे तोंडी सांगू नये. पॅरासिटामॉलची मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, आणि सिरपमधील औषधाचे प्रमाण बाटलीगणिक बदलते: काहींत पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असते, तर काहींत २५०. म्हणजे तोच एक चमचा दुसऱ्या बाटलीतून दिला तर औषध दुपटीहून अधिक जाऊ शकते. म्हणून तुमची स्वतःची बाटली तिच्या मोजपात्रासह द्यावी. डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा मिलिलिटरमध्ये, आधीच्या मात्रेची वेळ आणि दोन मात्रांमधले किमान अंतर एका कागदावर लिहावे. मुलाला कशाची ॲलर्जी असेल तर ती त्याच कागदावर सर्वांत वर, ठळक लिहावी. तिच्या घरातले कोणतेही औषध देऊ नये, हेही सांगून ठेवावे.

त्या कागदावर तुम्हा दोघांचे क्रमांक, तुमचे फोन लागले नाहीत तर कोणाला गाठायचे तो तिसरा क्रमांक, आणि मुलांच्या डॉक्टरांचा क्रमांक असावा. आणि एक गोष्ट तिला निघण्यापूर्वी स्पष्ट शब्दांत सांगावी: श्वास घ्यायला त्रास, झटका, डोक्याला जोराचा मार, किंवा काही विषारी गिळल्याची शंका असे घडले, तर आमच्या परवानगीची वाट न पाहता आधी रुग्णवाहिका बोलाव किंवा इस्पितळ गाठ, आणि मग आम्हाला फोन कर. दुसऱ्याचे मूल असल्यामुळे माणसे घाबरून आधी आईवडिलांना फोन लावत बसतात आणि मोलाची मिनिटे जातात. तुम्ही हे आधी सांगितलेले असेल तर तिचा हात थबकणार नाही.

खेळताना गुडघा फुटला, कपाळाला टेंगूळ आले, तर तिला दोष देऊ नये. मुले आपल्या हातूनही पडतातच. ती आधीच कानकोंडी झालेली असते; तिने लगेच आणि खरे सांगितले, हे तुम्हाला आवडले असे तिला जाणवू द्यावे. पुढे कधी मोठे काही झाले तर ती लपवणार नाही, यासाठीही ते आवश्यक आहे.

पारंबी:

दुसऱ्या शंकेबद्दल. दोन वेळा अडचण सांगून नकार आला असेल तर तिसऱ्यांदा आपण होऊन विचारू नये. अडचणी खऱ्याही असतील, पण खऱ्या असल्या तर ती स्वतःच "यावेळी नाही जमले, पण पुढच्या महिन्यात नक्की" असे म्हणाली असती. एका लहान मुलाला दिवसभर सांभाळून थकलेल्या बाईला आणखी दोन मुले पेलत नसतील, आणि "कधीही सांग" म्हणून बसल्यामुळे तिला ते कबूल करणे जड जात असेल. त्यातून तिला तुम्हीच सोडवू शकता. "तू मुलांचे विचारतेस ते खूप आहे, सध्या माझी दुसरीकडे सोय झाली आहे" असे सहज म्हणून विषय मिटवावा, आणि तिच्या मुलाला एखाद्या दुपारी तुमच्याकडे खेळायला बोलवावे, बदल्यात काहीही न मागता.

सुरुवात मुले नसलेल्या मैत्रिणीपासूनच करा, आणि पहिल्या वेळी फक्त थोरलीला सोपवा. साडेचार वर्षांची मुलगी स्वतःला काय हवे ते बोलून सांगते, आणि धाकटा तुमच्याजवळ असल्यामुळे त्या तासाभरात तुमचाही जीव टांगणीला लागणार नाही. दोघींचे जमले की मग धाकट्याचे विचारा.